दादाचा शर्ट दादानेच निवडायचा

शमीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडचांदूरच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होते. फोनवर माझा मोठा भाऊ होता. दादाची समज हळू चालते, बोलणंही तुटक. "आपा उठत नाई," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला... त्याला आता महिना उलटला.

आई गेल्यावर दादासाठी आम्ही आधी एक निवासी गृह पाहिलं होतं. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुवायचे आणि सकाळी ढिगातून हाताला येईल ते ज्याच्या-त्याच्या अंगावर चढवायचे. चड्डीसुद्धा स्वतःची नाही. याला आपल्याकडे सांभाळणं म्हणतात, आणि वर नातेवाइकांनी आभार मानायचे. मी मानले नाहीत. दादाला घेऊन निघून आले.

मग वडशाचं गृह मिळालं. तिथल्या अधीक्षिका शमीमआपा शिंप्याच्या घरातल्या. शिलाई मशीन त्यांच्या ऑफिसातच असायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दादाला कापडाच्या दुकानात नेलं, मीही बरोबर होते. दुकानदार मला विचारू लागला, कोणतं दाखवू? "तिले काऊन विचारता, भाऊ? घालणार तर हा हाय," आपा म्हणाल्या. दादाने मोठ्या फुलांचं भडक पोपटी कापड उचललं. मी तोंड वाकडं केलं, तर मलाही ऐकावं लागलं, "तुले नाई घालाचं हाय." दादा डावखुरा, म्हणून आपांनी शर्टाला खिसा उजवीकडे शिवला. प्रत्येकाचा कपाटात आपला कप्पा, आणि रोज सकाळी कपडे ज्याने-त्याने निवडायचे. चहा निवायचा, आपा थांबायच्या.

एकदा एका दानशूर गृहस्थांनी निळ्या कापडाचे तागे आणले. सगळ्यांना एकसारखे गणवेश शिवा, फोटो काढू. संस्थेची मंडळी म्हणाली, शिवून टाका, नाहीतर त्यांच्याकडून येणारे तांदूळ बंद होतील. मी भांडायला पुढे सरसावले, तोवर आपा त्या गृहस्थांना म्हणाल्या, "हे काय बँडपार्टी हाय का, साहेब? कापड ठेवून जा, खिडक्यांले पडदे नाईत." गृहस्थ आधी तडकले, मग हसू लागले. तांदूळ येत राहिले. पडदे अजून निळेच आहेत. "तू भांडत राह्य, बेटा," आपा मला म्हणाल्या, "भांडालेही माणूस लागते. मी शिवतो."

मागच्या आठवड्यात वडशाला गेले. आपांच्या जागी नव्या बाई आल्या आहेत. मायाळू आहेत, पण घाईच्या. दादा कप्प्यासमोर उभा होता, नेहमीसारखा, सावकाश. बाईंनी एक पांढरा शर्ट ओढून काढला, "हा घाल ना, भाऊ. पोहे थंडे होऊन राह्यले." आपांबरोबर हेही गेलं की काय... मी बोलायला तोंड उघडलं, पण दादाने तो शर्ट त्यांच्या हातातून घेतला, घडी घातली आणि परत ठेवला.

"थांबा, बाई. मी पाहून राह्यलो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ऑफिसातून मशीनपुढचं स्टूल ओढत आणून बसल्या. दादाने अख्खा कप्पा चाळला आणि शेवटी तो पोपटी शर्टच काढला. रंग विटलाय, उजवीकडचा खिसा मात्र पक्का आहे. बटणं लावायला त्याला वेळ लागतो.

बाई थांबल्या. आपा, आभार.