भोवत्यांसाठी राखलेलं गवत

परवा तामलवाडीच्या शिवारात, ज्वारी काढून रिकाम्या झालेल्या रानावरून एक भोवत्या, माळावरचा शिकारी पक्षी, गेला. पंख किंचित वर उचललेले, अंग जमिनीलगत, वाऱ्यावर एकदा या कुशीला तर एकदा त्या कुशीला झुलणारं. शाळा सुटून घरी निघालो होतो. फटफटी कडेला लावली, तो दिसेनासा होईतो बघत राहिलो; कॅमेरा मात्र पिशवीतून काढला नाही. भूमकडे नोकरीला होतो तेव्हा असं कधी झालं नसतं.

तिथं मी या पक्ष्यांपायी वेडा झालो होतो. थंडी सुरू झाली की पार हिमालयापलीकडून भोवत्ये तिथल्या माळावर उतरत. दिवसभर रानं धुंडाळत, नाकतोडे नि उंदीर टिपत, आणि दिवस कलला की एकेक करून गवताच्या एका तुकड्यावर जमत. रात्र झाडावर नाही, गवतात जमिनीवरच काढत. तो तुकडा मला दाखवला तिथं मेंढरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्यांनी. मी त्यांना मामा म्हणे. भोवत्याला त्यांनी स्वतःच एक नाव दिलं होतं, झाडूवाला. "जमीन झाडत जातुय बगा," म्हणायचे. शिक्रा असो, ससाणा असो, पंखांची नुसती लय बघून ते लांबूनच सांगत. मी फोटो काढून, तो मोठा करून, पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघे, आणि बहुतेक वेळा मामांच्या उत्तरापाशीच येऊन पोचे.

त्या थव्यात एक मादी होती. उडताना बाकीचे पाय पोटाशी घेत, हिचा डावा पाय खाली लोंबत राहायचा. "आली बगा लंगडी. तिसरं साल तिचं," मामा म्हणाले होते. भोवत्यांच्या माद्या ओळखणं फार कठीण. दोन जातींच्या माद्या सारख्याच तपकिरी, फरक काय तो मानेवरच्या फिकट पट्ट्याचा, आणि उडत्या पक्ष्याची मान कॅमेऱ्यात सापडते कुठं? पौषातल्या एका संध्याकाळी ती सापडली. तिरप्या उन्हात लंगडी वळली, मान माझ्याकडे झाली, पट्टा लख्ख उमटला. जात ठरली: पांढुरका भोवत्या. मी कॅमेऱ्याचा पडदा मामांपुढं धरला. कोकरू घ्यावं तसा त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. "डोळा पिवळा हाय व्हय तिचा! इतकी सालं बघतुय, पर डोळा न्हवता दिसला."

त्याच दिवशी मी तो फोटो पक्षीवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकला. वाहवा झाली. कुणीतरी जागा विचारली आणि त्या वाहवेच्या भरात मी पाझर तलावाच्या वरच्या अंगाचा तो तुकडा खुणेसकट सांगून टाकला.

पुढच्या रविवारी चार गाड्या आल्या. मामा तेव्हा मुरुमला लेकीकडं गेले होते. भोवत्ये गवतात उतरले आणि उडतानाचे फोटो मिळावेत म्हणून गाड्या सरळ त्या गवतात घातल्या गेल्या. पाखरं उठली, घिरट्या घालत राहिली, पुन्हा टेकू लागली की पुन्हा गाडी. मी धावलो, ओरडलो. पण जागा कुणी सांगितली हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळं माझ्या ओरडण्याला वजन नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी तिथं एकही भोवत्या आला नाही. तिसऱ्याही नाही.

चार दिवसांनी मामा परतले. "काय झालं वो गुरुजी? झाडूवालं कुठं गेलं?"

"यंदा लवकर गेले असतील," मी म्हणालो.

पुढच्या थंडीत आम्ही दोघं त्या तुकड्याशेजारी वाट बघत बसलो. गवत कमरेएवढं वाढून, वाळून पांढरं पडलं होतं. त्याला तोंड लागलेलं नव्हतं. मेंढरं दिसेनात म्हणून विचारलं, तर ती पार ओढ्यापलीकडं. मामा रोज तेवढी पायपीट करत होते.

"ह्या गवतात औंदा मेंढरू घातलं न्हाय," ते म्हणाले. "गेल्या साली मी न्हवतो, तवा थोरल्या पोरानं कळप हितं बसवला. त्यानंच बुजली पाखरं."

मग मात्र मला राहवेना. गाड्यांचं, फोटोचं, जागा सांगितल्याचं, सगळं सांगितलं. मामांनी मान वर केली नाही. हातातली काडी जमिनीवर फिरवत राहिले. मग म्हणाले, "पोराला लई बोललो वो म्या, गुरुजी." आणि उठून ओढ्याकडं चालू लागले.

त्या वर्षी लंगडी आली नाही. माझी बदली झाली. उन्हाळ्यात मामा गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या घरी गेलो. थोरला ओसरीवर बसला होता. मी भोवत्यांचा विषय काढला, तर तोच म्हणाला, "आबानं सांगितलं मला. पाखरं तुझ्यामुळं न्हाय गेली, मी उगा बोललो म्हणले. डोळ्याला पाणी आलं हुतं त्येंच्या. कशामुळं गेली ते न्हाय सांगितलं."

ते मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "बसा. च्या घिऊन जावा."

टायरांच्या चाकोऱ्या पहिल्याच पावसाळ्यात बुजल्या होत्या. गवत दर वर्षी उगवत असेल; ते आता कोण चारतं, मला माहीत नाही. त्या घरातल्या बापलेकांपैकी कुणीही मला वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते, तर तो शब्द इतक्या वर्षांत झिजून गेला असता. न बोललेला शब्द काळालाही झिजवता येत नाही.