मुकी गाडी

बाबांची जुनी गाडी म्हणजे रस्त्यावरून चालणारं शिवणयंत्र, असं आई लग्न झाल्यापासून म्हणत आली आहे. बाबा त्यावर कधी काही बोलत नसत. आम्हाला वाटायचं, त्यांनी ते कानाआड केलंय. प्रत्यक्षात त्यांनी ते इतकी वर्षं मनात साठवून ठेवलं होतं.

यंदा तळेऱ्याच्या पुढे, आईच्या माहेरी लग्न निघालं. मी सुट्टीला जामसंड्याला आले होते. आईने माझ्यासमोरच जाहीर करून टाकलं, "मी आपला बसनच जातंय. तुमच्या गाडयेचो आवाज ऐकान अख्खो मांडव माना वळवतलो. नवरी ऱ्हवली बाजूक!"

बाबा उठले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरापुढच्या खळ्यात ताडपत्री अंथरून इंजिन खोललं. वॉल्व्ह झिजले होते, हे कारण खरंच होतं. चंदन उगाळावं तसे एकेक वॉल्व्ह घासत ते बसून राहिले. जेवायला हाक मारली तर "इलंय" म्हणायचे आणि यायचे नाहीत. शेवटी सगळं परत बांधलं, हात पुसले आणि आम्हाला मुद्दाम बाहेर बोलावून चावी फिरवली.

इंजिन नुसतंच घुरघुरलं. सुरू होण्याचं नाव नाही.

मग तपासणी सुरू झाली. प्लग काढून ठिणगी पाहिली. ती छान निळी पडत होती. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येत होतं. प्लगच्या वायरी एकमेकींच्या जागी तर गेल्या नाहीत ना, तेही पाहून झालं. शेजारचे काका कुंपणावरून रोज नवं निदान सांगून जात. मी मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ लावला, तर बाबा म्हणाले, "त्येका सांग, हयसर येवन दाखव."

त्यांचं दुखत होतं ते वेगळंच. लग्न परवावर आलं होतं आणि आईने बसची वेळ विचारून ठेवली होती.

शेवटी बाबांनी इंजिन हाताने फिरवायचं पुढचं हँडल लावून मला फिरवायला दिलं. ते इतकं हलकं फिरलं, की रिकामं जातं ओढल्यासारखं वाटलं. आत दाबच नव्हता. गाड्यांतलं जे थोडंफार कळतं ते मी बाबांकडूनच शिकले आहे, म्हणून विचारलं, "बाबा, टॅपेटची फट किती ठेवली?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ठेवक नाय."

वॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटमध्ये बारीकशी फट ठेवावी लागते. टिकटिक होते ती तिच्यामुळेच. पण फटच नसेल तर वॉल्व्ह नीट मिटत नाही, दाब धरत नाही आणि गाडी सुरू होत नाही. हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

"माका कळता गो," ते म्हणाले. "पण सैल केलंय तर परत शिवणयंत्र. मगे ती बसात काय गाडयेत?"

मला हसू आवरेना आणि त्यांच्याबद्दल फार मायाही दाटून आली. त्यांना चालती गाडी नको होती, आई बसेल अशी गाडी हवी होती.

तेवढ्यात आईच नारळ घेऊन बाहेर आली. देवाला गाऱ्हाणं घालायचं काम खरं तर बाप्यांचं, पण ती वाट बघून कंटाळली होती. बोनेटवर नारळ ठेवून तिने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! घरधन्यान गाडी खोलल्यान, घासल्यान, बांधल्यान. काय चुकला माकला असात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रीतीप्रमाणे आम्ही दोघं ओरडलो.

"ह्या गाडयेचो आवाज वळणार इलो की मी मासो तव्यार टाकतंय. गाडी मुकी झाली, तर ह्यो माणूस सुखरूप घराक इलो, ह्या माका कसा कळतला? तो आवाज माका परत दी रे म्हाराजा!"

यावर बाबांचा "व्हय म्हाराजा" काही ऐकू आला नाही. मी पाहिलं तर ते मान खाली घालून पाना शोधत होते. पाना त्यांच्या हातातच होता.

त्यांनी एकेक टॅपेट सैल केला, फट बघितली आणि चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि टिकटिकत सुरू झाली. आईने नारळ उचलला आणि ती म्हणाली, "अगोबाय, केवढो तो आवाज!"

लग्नाच्या दिवशी ती पुढच्या सीटवर बसली, नवं लुगडं सावरत. तळेऱ्यापर्यंत तिच्या तक्रारी थांबल्या नाहीत. आवाज, धूर, खिडकीची काच, सगळ्यांचा उद्धार झाला. बाबा समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून प्रत्येक तक्रारीला न चुकता म्हणत होते, "व्हय म्हाराजा."