कुशाबाईची सारखी वाटणी

कोऱ्हाळे बुद्रुकात कुशाबाईच्या वाटणीला नावं ठेवायची सोय नव्हती. दोन सुनांची दोन लेकरं, पण गुळाचा खडा फोडला तर दोन्ही तुकडे तराजूतनं काढल्यासारखे. आळीतल्या बायका मागून तिच्याच आवाजात म्हणायच्या, "ह्यो तुला, ह्यो तुला, आन् भुगा मुंगीला!" कुशाबाईला ते ऐकू जायचं आणि ती मनातल्या मनात फुगायची.

त्या थंडीत थोरल्या सुनेची, मनिषाची, प्रतिक्षा तापानं फणफणली. नुसत्या धापा टाकत होती. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचं वजन केलं, छाती तपासली आणि न्युमोनिया सांगितला. पातळ औषधाची बाटली दिली. "हिच्या वजनाप्रमाणं दिलंय. चमचा पूर्ण भरून, दिवसातनं तीनदा. ताप उतरला तरी थांबायचं नाही."

मनिषा खुरपायला जायची, म्हणून औषध कुशाबाईच्या हाती. बूच उघडलं की संत्र्याच्या गोळीचा वास सुटायचा. धाकटीचा राजवर्धन पुढ्यात हजर. "आज्जे, मलाबी खोकला हाय!" आणि त्यानं लगेच खोकून दाखवलं. तेव्हापासनं दर वेळी चमचा निम्मा निम्मा झाला.

बाजेवरून तिचा नवरा गेणबा खाकरला. "माझ्या छातीत गिरण चाललीया, ती न्हाय व्हय दिसत कुणाला?"

"तुमी काय कुक्कुलं बाळ हाय का?" म्हणत तिनं त्यालाही बुचात ओतून दिलं.

पोरीचा ताप जरा उतरला. मग पुन्हा चढला, तोवर बाटली कोरडी. प्रतिक्षा दूध तोंडात घेईना. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडू लागला.

बारामतीला नेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात ठेवूनच घेतलं. नाकाला नळी, हाताला सुई. "चमचा भरून देत होता ना?"

"निम्मा," कुशाबाई म्हणाली. "निम्मा दुसऱ्या नातवाला. जरासं म्हाताऱ्याला. दुजाभाव न्हाय केला, बाई."

"आजी, त्या नातवाला हे लागतच नव्हतं. आजोबांना न्युमोनिया असता तरी बूचभर औषधानं काही झालं नसतं, मोठ्या माणसाचा डोस वेगळा. आणि जिला लागत होतं, ती निम्म्यावर."

"मंग आता दुप्पट द्या की. राहिल्यालं भरून काढा."

"तसं भरून निघत नसतं, आजी."

मनिषा सासूकडं न बघता म्हणाली, "आत्या, माझ्या पोरीचं हुतं ते."

इंजेक्शनं चालू राहिली. पोरीनं दूध घेतलं, श्वास हळूहळू संथ झाला. सोडलं त्या दिवशी कुशाबाई कोऱ्हाळ्याच्या गाडीत जागा धरून बसली. मनिषा चढलीच नाही. पोर खांद्यावर आणि नवी बाटली मुठीत घेऊन ती खाली उभी होती. "मी सणसरला जाते, माह्यारी. औषिद संपलं की बघू."

"आगं, मी भरून चमचा देईन," कुशाबाई खिडकीतनं म्हणाली.

कंडक्टरनं घंटी ओढली.