वरच्या बाईंचं सगळ्यात हलकं ओझं

बंदरावर त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. ट्रकवाले, दोर ओढणारे, गेटवरचे पहारेकरी, सगळ्यांसाठी त्या 'वरच्या बाई'. यातल्या निम्म्या लोकांनी बाईंना कधी धड पाहिलेलंही नाही. त्यांना माहीत आहे तो फक्त वॉकीटॉकीतून येणारा आवाज. "जरा मागे घे. अजून. बस, थांब." मग जहाजावरून उचललेला घराएवढा कंटेनर खाली येतो आणि ट्रकच्या पाठीवर असा टेकतो, की ड्रायव्हरच्या हातातला चहाही हिंदकळत नाही. चहाची गोष्ट लोक थोडी फुगवून सांगतात, पण फार नाही.

क्रेनची केबिन म्हणजे काचेचं खोकं. लांबलचक लोखंडी हाताच्या पोटाला ते टांगलेलं असतं आणि पुढे-मागे सरकतं, धक्क्यावरून जहाजावर, जहाजावरून धक्क्यावर. त्याची जमीनही काचेची, कारण काम सगळं खाली. बाई खुर्चीत पुढे वाकून बसतात आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधून खाली बघतात. बंदरातली सगळ्यात उंच जागा त्यांची, आणि नजर मात्र कायम जमिनीवर. आभाळ चारी बाजूंनी काचेला खेटून असतं, पण त्याच्याकडे बघायला फुरसत कुणाला?

बाईंना गर्व म्हणावा असा एकाच गोष्टीचा. आजवर त्यांच्या हातून काही पडलेलं नाही. एक पेटीसुद्धा नाही. त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ओझं टेकल्याशिवाय पकड सोडायची नाही, मग खाली कुणी कितीही बोंबलू दे. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की घरीही तेच. लेक सायकल शिकत होती तेव्हा सीट धरून त्या मागे अशा पळायच्या, की आपल्याला सायकल यायला लागलीय हे पोरीला कळेचना. शेवटी एका दुपारी तिच्या काकानं सीट सोडून दिली आणि पोर थेट गल्लीच्या टोकाला पोचली. बाई पुढे कितीतरी दिवस दिराशी तुटक बोलत होत्या. तीच लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली, तेव्हा बस हलली तरी तिच्या बॅगेचा पट्टा बाईंच्या मुठीतच. कंडक्टरनं हात जोडले तेव्हा सुटला.

हा दीर म्हणजे एक वेगळंच प्रकरण. धंद्यानं न्हावी, वेडानं पक्षीवाला, म्हणजे दुर्बीण घेऊन पक्षी शोधत फिरणारा. बाईंचे यजमान शिंपी, ते दिवसभर मशीनवर वाकलेले. बाई क्रेनमध्ये वाकलेल्या. शिंपी म्हणायचे, "आमच्या घरात ताठ मानेनं जगणारा एकच, माझा भाऊ. सारखं वर बघत चालतो आणि खड्ड्यात पडतो." उन्हाळा लागला, की भाऊजींचं दुकान बेभरवशाचं होई. समुद्रात लांब कुठंतरी वादळ उठलं, की एरवी कधी किनाऱ्याकडे न फिरकणारे पक्षी वाऱ्याबरोबर ढकलले जातात आणि खाडीत, मिठागरात, गोदामांच्या पत्र्यावर कुठंही सापडतात. मग या पक्षीवाल्या मंडळींचे एकमेकांना फोन सुरू. एकदा तर भाऊजी एका गिऱ्हाईकाची अर्धी दाढी करून पळाले होते. ते गिऱ्हाईकही बिचारं उरलेल्या दाढीसकट मागोमाग गेलं आणि आता तेही पक्षीवाल्यांत आहे.

"वहिनी, तुमची जागा मला मिळाली असती तर," भाऊजी दरवर्षी उसासा टाकत. "अहो, नुसतं एकदा मान वर करून बघा."

"मला खाली बघायचा पगार मिळतो, भाऊजी."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडालाच मोठं वादळ झालं. किनाऱ्याला ते लागलं नाही, पण दोन दिवस समुद्र मातकट झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्याच्या दगडांत भाऊजींना एक मोडकी काळी छत्री दिसली. कुणी फेकली असेल म्हणून ते पुढे जाणार, इतक्यात छत्रीनं डोळा उघडला.

भाऊजींनी केस कापताना गिऱ्हाइकाला गुंडाळतात त्या कापडात तिला गुंडाळलं आणि थेट भावाच्या घरी आणलं, कारण तिथं कपडे बेतायचं मोठं टेबल होतं. फ्रिगेट पक्षी. मादी. छातीवर पांढरा डाग, बाकी सगळी काळी, चोच लांब आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली. भाऊजी गेली कित्येक वर्षं हिच्यासाठी बंधारे झिजवत होते आणि आता ती मिळाली तर त्यांना बोलता येईना.

पक्ष्यांच्या डॉक्टरबाई आल्या. पंख तपासायला त्यांनी ते हळूच उलगडले, आणि उलगडतच राहिल्या. टेबल संपलं तरी पंख संपेनात. शिंप्याचा हात सवयीनं टेपकडे गेलाच. दोन मीटरच्या वर भरले. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, ते दीड किलोही नाही.

"एवढ्याशा अंगाला एवढं कापड," शिंपी टेप गुंडाळत म्हणाले.

त्या दिवशी सुट्टी असल्यानं बाईही घरीच होत्या. भाऊजींची जीभ एव्हाना सुटली होती. ही समुद्रावर जगते पण पोहू शकत नाही, ते सांगत होते. पाण्यावर उतरली तर पिसं भिजून बुडते. म्हणून उतरतच नाही. आठवडेच्या आठवडे वर. झोपसुद्धा उडता उडता.

"मग घरचं कधी बघते?" बाई म्हणाल्या. सगळे हसले. पण पाखराला ठेवलेल्या खोक्यापाशी त्या वाकल्या, तेव्हा तो गोल काळा डोळा त्यांच्याकडे वळला. त्यात भीती नव्हती आणि ओळखही नव्हती. बाईंच्या मागे जणू खूप लांबवर काही आहे आणि ती ते बघतेय, असं त्यांना वाटलं. त्या सावकाश बाजूला झाल्या.

चार-पाच दिवस मासे भरवल्यावर पाखराच्या अंगात जीव आला, आणि मग एकाएकी तिनं खाणं सोडलं. डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं. "मोडलेलं काही नाही. पण ही कोंडून राहणारी नाही, दोन दिवसांत मरेल. हिचे पाय बघा, नावाला आहेत. जमिनीवरून हिला उडी घेता येत नाही. हिला उंची लागते, आणि समोरून जोराचा वारा. उंचावरून सोडायची. पंखांनी वारा धरला तर उडून जाईल. नाही धरला तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "दुसऱ्यांदा करून बघण्याइतकी ताकद नाही तिच्यात."

सगळे बाईंकडे बघत होते.

"नाही," बाई म्हणाल्या.

"वहिनी, शहरात इतकी उंच आणि थेट पाण्यावरची जागा..."

"तुम्ही जा की वर. मी साहेबांना सांगते."

"मी स्टुलावर चढलो तरी गरगरतं, तुम्हाला माहितेय." भाऊजींचा आवाज बारीक झाला होता. "मला जमलं असतं तर गेलो असतो हो."

बाई रागावूनच झोपायला गेल्या. शिंप्यांनी दिवा मालवताना एवढंच विचारलं, "भीती वाटतेय?" तेव्हा त्या अंधारात म्हणाल्या, "इतकी वर्षं कशासाठी जपलं मी? मुद्दाम हात सोडायला? आणि ती दगडासारखी गेली खाली, तर रोज त्याच पाण्यावर बसून काम करायचं मी." शिंपी सकाळी उठून बघतात तो बाई खोक्याच्या झाकणाला कात्रीनं भोकं पाडत होत्या, पाखराला वर हवा लागावी म्हणून.

शिफ्टच्या साहेबांनी खोकं पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी आज चष्मा विसरलोय." त्यांच्या नाकावर चष्मा होता.

क्रेनवर वारा मोजायचं यंत्र असतं. वारा ठरावीक जोरापुढे गेला, की ते पिपाणीसारखं वाजायला लागतं आणि सगळं काम थांबतं. बाईंना त्या आवाजाचा मनस्वी तिटकारा. आज मात्र सकाळपासून त्या त्याचीच वाट बघत होत्या. दुपार कलली, समुद्रावर पांढऱ्या रेघा उठल्या, यंत्राचा काटा चढू लागला. बाईंनी हातातला कंटेनर टेकवला, पकड सोडली, आणि केबिन लोखंडी हाताच्या पार टोकाला नेली. खाली आता धक्का नव्हता, जहाज नव्हतं. फक्त पाणी.

बाहेर जाळीचा अरुंद सज्जा आहे. बाईंनी कमरेचा पट्टा कठड्याला अडकवला, पाखराला दोन्ही हातांत घेतलं आणि दार ढकलून बाहेर आल्या. यंत्र वाजायला लागलं होतं. वाऱ्यानं त्यांना मागे रेटलं. आयुष्यभर त्यांनी किती टनांचं ओझं उचललं असेल याला गणती नाही, पण ते सगळं क्रेन चालवायच्या दांड्याच्या पलीकडे, तारेच्या टोकाला. हे पहिलंच ओझं, जे त्यांच्या तळव्यांना ऊब देत होतं. त्याच्या छातीतलं धडधडणं त्यांच्या बोटांत येत होतं. वाऱ्याकडे तोंड होताच पाखरानं मान ताणली, आणि ते लांबवरचं बघणारे डोळे अरुंद झाले.

हात पुढे गेले. उघडेनात.

वॉकीटॉकीतून साहेबांचा आवाज आला, "बाई, वारा वाढतोय." गेटबाहेर भाऊजी, शिंपी, डॉक्टरबाई आणि ते दाढीवालं गिऱ्हाईक, सगळे दुर्बिणी लावून उभे होते, ठिपक्यांएवढे. बाईंना का कोण जाणे, सायकल आठवली. पोर गल्लीच्या टोकाला पोचली आणि मागे वळून हसली होती, ते त्यांनी तेव्हा रागात पाहूनही पाहिलं नव्हतं.

बाईंनी हात उघडले.

ती पडली. पाय नाहीत, पंख नाहीत, नुसती काळी घडी, फिरत फिरत खाली. इतकी वर्षं ज्या स्वप्नानं त्या दचकून उठायच्या ते दिवसाढवळ्या त्यांच्या पायांखाली घडत होतं. पाणी जणू तिच्याकडे वर यायला लागलं. आणि मग पाण्याच्या अगदी जवळ एक पंख सुटला, लगेच दुसरा, आणि ती घडी उलगडली, त्या टेबलावर उलगडली होती तशीच, संपता संपेना अशी.

तिनं पंख मारला नाही. एकदाही नाही. नुसता वारा अंगाखाली घेतला आणि ती वर यायला लागली. पाण्यावरून, धक्क्याच्या कठड्यावरून, बाईंच्या पायांच्या पातळीवरून, आणि मग बाईंच्या चेहऱ्यासमोरून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, अजिबात आवाज न करता. क्षणभर तिची सावली सज्ज्यावर पडली. जगात इतकं सुंदर काही असतं आणि ते आपल्या डोक्यावरून रोज जात असेल, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भाऊजींनी सांगितलं होतं, दरवर्षी.

बाईंनी मान वर केली.

केवढं होतं ते. वर, त्याच्याही वर, पांढऱ्या निळ्या उन्हात ती चढत होती, शेपटीची कात्री उघडत मिटत, आणि तिच्यापलीकडे अजून आभाळ होतंच. बाईंचे डोळे भरून आले. वाऱ्यानं, असं त्या नंतर सांगत, पण सांगताना पुन्हा भरत.

"बाई, केबिन मागे घ्या," साहेब म्हणाले. उत्तर नाही. "बाई, ऐकताय ना?" वरच्या बाईंनी वॉकीटॉकीला उत्तर दिलं नाही असं बंदरावर आजवर कधी झालं नव्हतं. साहेबांनी मग पुन्हा विचारलं नाही. तेही वरच बघत होते.

खाली उतरल्यावर भाऊजींनी वहिनींचे दोन्ही हात धरले. ते नुसतेच रडत राहिले. "सायकलीच्या वेळचं सोडा आता, भाऊजी," बाई म्हणाल्या. भाऊजींना ते कुठलं काय ते कळायला वेळ लागला.

रात्री बाईंना मान वळवता येईना. शिंपी मलम घेऊन बसले. "इतकी वर्षं वाकून काम केलंस, कधी तक्रार नाही," ते मान चोळत म्हणाले. "आज कशानं आखडली?"

"वर बघत बसले होते," बाई म्हणाल्या, आणि लेकीला फोन लावायला सांगितला.