फटी बुजवणारा लवू घाडी

भोईवाड्यातल्या चाळीत लवू घाडीला कुणी लवू म्हणत नसे, ‘हवामान खातं’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो रागावतही नसे, कारण त्याच्या मते ती टिंगल नव्हती, हुद्दा होता. गिरणीत बाकीचे सूत कातायचे, कापड विणायचे. लवू हवा तयार करायचा. हे तोच सांगायचा, आणि सांगताना मान अशी ताठ करायचा की जणू मालकाच्या नाकात जाणारी हवासुद्धा आधी त्याची परवानगी घेते.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. सूत कोरडं पडलं की तुटतं, आणि सूत तुटलं की माग थांबतो. म्हणून मागखात्याच्या पाठीमागे एक मोठी अंधारी खोली होती, तिला ‘प्लांट’ म्हणत. तिथला राक्षसी पंखा बाहेरची हवा ओढून घ्यायचा. ती हवा पाण्याच्या फवाऱ्यांतून धुऊन निघायची, गार आणि ओलसर व्हायची, आणि छताखालच्या पत्र्याच्या बोगद्यांतून मागांवर उतरायची. खात्याच्या खिडक्या बारा महिने बंद. एखाद्या विणकराने जीव घाबरतो म्हणून जरा खिडकी किलकिली केली, तर लवू धावत यायचा, "कोणी हवा फोडली रे?" आणि टाकाऊ सुताचा बोळा फटीत कोंबल्याशिवाय हलायचा नाही. उभ्या नोकरीत त्याने दोनच कामं मनापासून केली. पंखा चालू ठेवणं आणि फटी बुजवणं.

संप लागला तसे कुणी गावी गेले, कुणी भाजीची गाडी लावली. लवूचा पेच निराळा. हवा करणाऱ्या माणसाने दारोदार काय विकावं?

"फुगे विक," शेजारच्या खोलीतल्या गुणाजी जॉबरने, म्हणजे मागखात्याच्या मुकादमाने, सल्ला दिला. "माल तोच."

शेवटी जुन्या ओळखीने शिवाजी पार्कच्या फ्लॅटांतले खिडकीतले ए.सी. धुण्याचं, दुरुस्त करण्याचं काम मिळालं. लवूने पहिला ए.सी. उघडला आणि नाक मुरडलं. "ह्येका काय मशीन म्हणतंत? हा तर हमाल!" तो मालनला, बायकोला, समजावून सांगू लागला. "ए.सी. थंडी आणत नाही गो. आतल्या नळ्या खोलीतली उष्णता उचलतात आणि मागच्या नळ्या ती रस्त्यावर फेकतात. आतली हवा आतच गोल गोल फिरते. धुणं नाही, ताजी हवा नाही. आमच्या प्लांटची सर नाही."

"प्लांट बंद असा," मालन म्हणाली. "हमालाक पैसे गावतत. त्येका नमस्कार करा."

संपाचं वर्ष उलटलं त्या थंडीत लतिका बाळंतपणाला माहेरी आली. एकुलती एक लेक. दिवस भरायच्या आधीच पोट दुखलं, आणि मुलगी झाली ती एवढीशी, ओंजळीत मावेल इतकी. घरी सोडताना इस्पितळातून बजावून सांगितलं, उबेत ठेवा, गारठा लागू देऊ नका. आणि घाड्यांची खोली चाळीच्या उत्तर टोकाची, तिसऱ्या मजल्यावर. वारा एका खिडकीतून यायचा आणि दाराखालून बाहेर पडायचा, जणू त्याचंच बिऱ्हाड.

लवूने नात हातात घेतली. तिची बोटं गार होती. त्याने ती मालनकडे दिली आणि माळ्यावर चढला. गिरणीतून कधीकाळी आणलेलं टाकाऊ सूत तिथे पोत्यात होतं.

संध्याकाळभर तो खिडकीच्या फटींत सूत ठासत होता. कणकेची खळ शिजवून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवत होता. दारावरच्या काचेच्या झरोक्याची चौकट त्याने चारी बाजूंनी पुरती लिंपली. दाराखाली गोणपाटाची पट्टी ठोकली. गुणाजी गॅलरीत उभा राहून तमाशा बघत होता.

"लवूशेट, डासांनी आता यायचं कुठून? अर्ज करायचा का तुमच्याकडे?"

"तू गप रव रे. तुझ्या जॉबरकीचं काम नाही हे."

"पोरगी गुदमरतली हां," मालन म्हणाली. स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

"तुका काय कळता त्यातला?" लवू म्हणाला. त्याने उदबत्ती पेटवली आणि खोलीच्या मधोमध धरली. धुराची रेघ सरळ वर गेली, काठीसारखी. हलली नाही, वाकली नाही. "बघ! ह्येका म्हणतात बंदोबस्त." वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात गिरणीतला लवू बोलला.

सकाळी काशीबाई आली. माहीमच्या कोळीवाड्यातली, बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणारी. अर्ध्या परळची पोरं तिच्या पायांवर न्हालेली. तिने दार लावून पाहिलं आणि खूश झाली.

"येवढ्या बाळंतिनी केल्या, पन अशी खोली नाय बगली रं लवू! वाऱ्याची बिशाद नाय."

काम संपलं की काशीबाई शेगडी पेटवायची. ओवा-शेपा टाकलेले निखारे बाजेखाली, वर बाळंतीण, कुशीत बाळ. तिच्या आईने तसंच केलं, आजीने तसंच केलं. लवू हत्यारांची पिशवी घेऊन निघाला तेव्हा लतिकाच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि गॅलरीत शेगडी फुलत होती. तो समाधानाने जिना उतरला.

शिवाजी पार्कला कौसल्याबाई म्हणून निवृत्त शिक्षिका होत्या. दम्याने बेजार. खाली रस्ता खोदलेला, म्हणून धुळीच्या भीतीने थंडीतही खिडक्या बंद आणि ए.सी. चालू.

"दोन दिवस झाले, डोकं नुसतं शिशासारखं झालंय," त्या म्हणाल्या. "झोप झोप येते. मशीन बिघडलं का हो?"

लवूने जाळी काढली, नळ्यांवरून हात फिरवला. थंडी चांगली होती. मग त्याला बाजूची छोटी दांडी दिसली, गंजून बसलेली. बाहेरची ताजी हवा आत घेण्याचं एक बोटभर झाकण या पेट्यांना असतं, ते त्या दांडीने उघडतं.

"मशीन ठीक आहे बाई," पक्कडीने दांडी ओढत तो म्हणाला. "बाहेरची हवाच आत येत नव्हती. तुम्ही सोडलेला श्वास तुम्हीच परत घेत बसलात. खोली कितीही बंद करा, कुठूनतरी ताजी हवा यायलाच..."

तो थांबला. पक्कड हातात तशीच.

गिरणीच्या खिडक्या बारा महिने बंद चालल्या, कारण पाठीमागे पंखा होता. तो सारखी नवी हवा आणून ओतत होता, आणि शिळी हवा दुसऱ्या बाजूने बाहेर निघत होती. म्हणून शेकडो माणसं त्या बंद खात्यात जगली. लवूने घरी खिडक्या बंद केल्या होत्या. पंखा कुठे होता? आणि कौसल्याबाईंच्या खोलीत तर फक्त माणूस होतं. लतिकाच्या खोलीत निखारे होते. कोंडलेल्या कोळशाची हवा म्हणजे काय, हे प्लांटातल्या माणसाला कुणी सांगायला नको. तिला वास नसतो. माणूस खोकत नाही, ओरडत नाही. नुसता झोपतो.

"बाई, फोन! फोन करू?"

चाळीखालच्या कोंडीराम वाण्याकडे फोन होता. लवूने आकडे फिरवले. चकती सावकाश मागे येत होती. फोन लागेना, नुसती टूं-टूं. पुन्हा फिरवले. टूं-टूं. कोंडीराम फोनवर बसला की साखरेच्या भावापासून साडूच्या मूळव्याधीपर्यंत सगळं बोलून घ्यायचा, हे साऱ्या भोईवाड्याला ठाऊक होतं.

"तुम्ही लावत रहा बाई! म्हणावं, घाड्यांचं दार उघडा!" नंबर खरडून देत लवू ओरडला आणि पिशवी तिथेच टाकून पळाला.

टॅक्सी मिळाली. टिळक पूल ओलांडून दादर टी.टी.ला आली आणि थांबली. पुढे मोर्चा. गिरणी कामगारांचाच, लाल बावटे, घोषणा, पोलिसांच्या काठ्या आडव्या. लवू दार उघडून उतरला आणि गर्दीत घुसला.

"अरे, हवामान खातं! या, या, सामील व्हा!" ओळखीच्या एका विणकराने त्याचा हात धरला.

"सोड!"

"आता वर्षाने आलास आणि..."

"सोड म्हणतो ना! पोरगी मरतेय माझी!"

हात सुटला. एवढंच नाही, तो विणकर पुढे होऊन ओरडला, "वाट द्या! वाट द्या रे!" आणि मोर्चा मधोमध फाटला. लवू त्या वाटेने धावला. नायगाव मागे पडलं. चप्पल कधीच गेली होती. डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, उदबत्तीची ती सरळ रेघ. काल तिचा अभिमान वाटला होता. न हलणारी हवा.

चाळीत सगळं शांत. कोंडीराम गल्ल्यावर फोन कानाला लावून हसत होता. गॅलरीत गुणाजी दाढी करत बसला होता.

"काय लवूशेट, वादळाचा इशारा का?"

लवूने दारावर थाप मारली. "लतिका! गो लतिका!"

आतून कडी. अंगावर कपडा कमी, म्हणून काशीबाईने जाताना लतिकाला आतून कडी लावून घ्यायला लावली होती. मालन रॉकेलच्या रांगेत. आतून आवाज नाही. पोरीचा नाही, बाळाचाही नाही.

"झोपली असेल," गुणाजी म्हणाला. मग त्याने लवूचं तोंड पाहिलं आणि तोंडाचा साबण न पुसताच उठला.

दोघांनी खांदे लावले. दार जुनं सागवानी. लवूने फळ्यांच्या सांध्यांतही काल सूत ठासलेलं. ते घट्ट बसलं होतं. त्याचं काम चांगलंच होत असे.

"झरोका!" लवू म्हणाला. गुणाजी खाली वाकला, लवू त्याच्या पाठीवर चढला. कुणीतरी बत्ता हातात दिला. काच फुटली. आतून अंगावर आली ती उबदार, जड हवा, ओव्याच्या वासाची. लवूने आत हात घातला, काचेने दंड उभा चिरला, कडी निघाली.

लतिका बाजेवर कुशीवर होती. गाल लालबुंद, तोंड उघडं. बाळ तिच्या हातावर, हलत नव्हतं. गुणाजी बाजेखालच्या शेगडीकडे वाकला.

"शेगडी राहू दे, आधी त्यांना!" लवू ओरडला. श्वास कोंडून त्याने बाळ उचललं आणि गॅलरीत आणलं. गुणाजीने लतिकाला काखेत धरून ओढत आणलं. थंडीचा वारा गॅलरीत वाहत होता, तोच, ज्याला त्याने हाकललं होतं. लवूने नात वाऱ्याकडे तोंड करून धरली. पाठ चोळली. तळवे चोळले. बाळाचं तोंड त्याच्याच दंडाच्या रक्ताने माखलं.

"घे गो," तो म्हणत होता. "घे ना गो जरा."



आधी लतिका ओकली. मग डोकं धरून कण्हली. तिच्या कण्हण्यात, मांजराच्या पिलासारखा, एक आवाज मिसळला. थांबला. पुन्हा आला. मग ती एवढीशी पोर असं रडली की खालून कोंडीराम फोन ठेवून वर बघू लागला.

इस्पितळात दोघींना ऑक्सिजनची नळी लावून ठेवून घेतलं. धोका टळला म्हणेपर्यंत सगळे जिन्यावर बसून होते. मालन लवूकडे बघत नव्हती. काशीबाई पदरात तोंड खुपसून रडत होती. डॉक्टर बाहेर आले आणि चिडून म्हणाले, "बंद खोलीत शेगडी कोणी ठेवली?"

माना काशीबाईकडे वळल्या.

"शेगडी तिची," लवू उठला. "खोली मी बंद केली."

"माजी शेगडी आजवर कुनाला डसली नाय रं," काशीबाई हुंदक्यात म्हणाली.

"नाही डसली. आपल्या खोल्यांना फटी होत्या म्हणून नाही डसली. त्या फटी मी बुजवल्या."

मायलेकी घरी आल्या त्या दिवशी मालनने कौसल्याबाईंनी पाठवून दिलेल्या लवूच्या पिशवीतला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि खिडकीची दोन्ही झापडं बिजागऱ्यांसकट उतरवली. मोरीत नेऊन कोयत्याने फोडली आणि आंघोळीच्या बंबात घातली.  बंब सुरेख पेटला.

वारा सरळ आत आला.

"गो, पोराक थंडी लागतली," लवू कसाबसा म्हणाला.

"लागू नये म्हणूनच तुमी असात." मालनने त्याला भिंतीशी बसवलं, सदरा काढायला लावला, नात त्याच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली आणि वरून गोधडी लपेटली. "ह्यो तुमचो प्लांट. आता चालवा."

लवू बसला. बाळाचं नाक त्याच्या गळ्याखाली, उबदार, ओलसर. त्याने हात हलवला नाही, मान हलवली नाही, पापणीसुद्धा नाही. दारातून गुणाजीने डोकावलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मालनने डोळे वटारले, तसं ते तोंड मिटलं.

मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ते निळं पडत चाललं होतं.

"अहो," ती खेकसली, "तुमी तरी श्वास घ्या!"