तुरमतीचा पाय

"आधी पाय दाखवा," तात्या म्हणायचे. पक्ष्याचा कितीही देखणा फोटो समोर धरा, त्यांचे डोळे थेट पोटाखाली. तुम्ही-आम्ही आधी चोच बघतो, पंख बघतो. तात्यांची नोकरी मात्र जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून झाली होती, लंगडणाऱ्या बैलांचे खूर तपासण्यात.

सांगवीत ते माझे शेजारी. निवृत्तीनंतर माझ्याबरोबर पक्षी बघायला कळसच्या माळावर यायला लागले आणि बघता बघता मुलीचा जुना कॅमेराही गळ्यात आला. उडत्या पक्ष्यांचे फोटो काढायचे, पण सगळे मुंडकी छाटलेले. मी हसलो की म्हणत, "गुरुजी, तोंडाला काय धाड भरलीय? दुखणं पायात असतं."

त्या माळावर एक तुरमती होती. लहानसा ससाणा, पण वेग असा की मान वळवेपर्यंत पसार. एकदा तात्यांच्या फोटोत तिच्या पायाला पतंगाचा मांजा दिसला, हातभर लोंबणारा. त्याच दिवशी मीही तिचा फोटो काढला होता, चांगला चोचीसकट. त्यात पाय नव्हतेच. मी ओशाळलो.

"बाभळीत गुतला तर उलटी लटकून मरंल की वो," तात्या म्हणाले. पक्षी वाचवणारी मंडळी दोनदा येऊन गेली, पण ती हाती लागते कुठली!

मग पाच दिवस ती दिसलीच नाही. तात्या प्रत्येक बाभळीखाली जाऊन वर बघून यायचे. त्यांच्या घरी काकू म्हणाल्या, "रातभर कूस बदलत्यात. डोळ्याला डोळा न्हाय." मी वैतागून म्हणालो, "तात्या, सोडा आता." ते पुढच्या बाभळीकडे चालू लागले. माझ्या त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

सहाव्या सकाळी चंडोल भर्रकन उठले आणि त्यांच्यामागून ती आली. मी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत गेलीसुद्धा. तात्यांचं बटण मात्र वेळेवर दाबलं गेलं होतं. त्यांनी फोटो मोठा केला. नेहमीप्रमाणे मुंडकं गायब. दोन पिवळे पाय, पोटाशी आखडलेले, मोकळे.

"मांजा न्हाय, गुरुजी! बगा, न्हाय!" म्हणत ते बांधावर बसले आणि टोपीनं डोळे पुसू लागले. माझेही डोळे भरून आले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तात्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला त्या सकाळचा परतीचा रस्ता दिसतो. पिंपळी गाव यायच्या आतच स्कूटरवर मागं बसलेल्या तात्यांना गाढ झोप लागली आणि त्यांचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. मी डाव्या हातानं त्यांचे दोन्ही हात पोटाशी धरले आणि इतक्या सावकाश निघालो, की उसाचे ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागं टाकून गेले.