नमुन्याच्या घरातलं गाऱ्हाणं

आमच्या नव्या घरात आम्ही नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, तेव्हा ते घर बांधलेलं नव्हतं.

याचं श्रेय माझं आहे. नाहूरची आमची बैठी चाळ पाडून तिथे टॉवर उभा करायचं ठरलं, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. (टॉवरचं नाव फ्रेंच आहे की इटालियन, यावर रहिवाशांत अजून एकमत नाही. उच्चारावर तर नाहीच.) दारोदार फिरून मी सह्या गोळा केल्या. सगळ्यांत शेवटची सही बाबांची होती.

"किती वर्सां?" बाबांनी विचारलं होतं. गिरणीत उभा जन्म काढला तरी त्यांची मालवणी तशीच राहिली.

"तीन. फार तर साडेतीन."

आम्ही मुलुंडला भाड्याने गेलो. तीन वर्षांत चाळ पडली आणि जमिनीत एक खड्डा झाला. चौथ्या वर्षी आई गेली. पाचव्यात खड्ड्याला पाणी लागलं. सहाव्या वर्षी बाबांचं जेवण अर्ध्या चपातीवर आलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे. बाबांचं म्हणणं वेगळं होतं.

"माका भाड्याच्या घरात मराचा नाय," ते म्हणाले. "मालक काय म्हणात? त्या बिचाऱ्याक मागसून भाडेकरू गावतलो?"

मालकाची एवढी काळजी मी आजवर कुठल्या भाडेकरूत पाहिलेली नाही. त्या दिवशी मी ठरवलं की बाबांना घर दाखवायचं. घर नव्हतं, पण बिल्डरने जागेवरच सॅम्पल फ्लॅट उभारला होता. गिऱ्हाइकाला भुलवायला सजवलेलं, तळमजल्यावरचं नमुन्याचं घर. बाबांची नजर आता अधू, कान तर त्याहून. एक दिवस त्यांना वाटलं आपलं घर झालं, तर कुणाचं काय जातंय?

"अरे, त्यांना कळेल," माझी बायको स्मिता म्हणाली.

"नाही कळत गं."

"मग मी येत नाही. मला हसू आलं तर पंचाईत आणि रडू आलं तर त्याहून मोठी."

ती आली नाही. आमच्या घरातली अक्कल त्या दिवशी मुलुंडलाच थांबली.

दारात सेल्सच्या मुलीने बाबांच्या पायांत निळे प्लास्टिकचे मोजे चढवले. बाबांनी ते ओळखले. आईच्या वेळी आयसीयूबाहेर घातले होते, तसेच.

"आत कोण ॲडमिट आसा?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणी नाही बाबा. फरशी नवी आहे."

आत शिरल्यावर बाबा बराच वेळ भिंतींवरून हात फिरवत राहिले. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून अशा घरांना दारं बसवत नाहीत आणि फर्निचर मापाने लहान करून घेतात. बाबा पलंगावर आडवे झाले, तर गुडघ्याखालचा सगळा माणूस बाहेर.

"पलंग इतको आखूड कित्याक?"

"नवीन फॅशन आहे."

"नि दारां?"

"तीही फॅशनच."

बाबांनी मान डोलावली. मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला. नारळाचं मला ठाऊकच नव्हतं. पण कोकणातला माणूस जागेच्या देवाला न सांगता नव्या घरात पाणी तरी पिईल का?

त्यांनी ओट्यावर नारळ ठेवला, हात जोडले आणि गिरणीच्या भोंग्यावर मात करायला कमावलेला आवाज लावला.

"हे बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या धन्या! आज आमी आमच्या घरात पाय ठेवलो."

गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. मी पुटपुटलो. हॉलमध्ये फ्लॅट बघायला एक जोडपं आलं होतं. त्यातला नवरा बहुधा कणकवलीकडचा असावा. त्याचेही हात आपोआप जुळले. "व्हय म्हाराजा."

"ह्येची आवस ह्या घर बगूक रवली नाय. ती खंय आसात थंय तिका बरी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता त्याची बायकोही सामील झाली.

"नि माझ्या झिलान सबद दिल्यान, तो राखल्यान. तो कधी खोटा बोललो नाय. तेच्या सबदाक असोच मान दी रे म्हाराजा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. झील मीच होतो. मी म्हणालो, "व्हय म्हाराजा." आयुष्यात इतकं लहान वाक्य इतकं जड कधी गेलं नव्हतं.

बाबांनी नारळ उचलला आणि ओट्यावर आपटला. नारळ फुटला नाही. ओटा फुटला. वर ग्रॅनाइटचं चित्र चिकटवलेली प्लायवूडची फळी होती ती. नारळ सरळ आत गेला आणि कुठेतरी खाली घरंगळत राहिला.

"वाट लागली," सेल्सची मुलगी म्हणाली. "सर, हे डिस्प्ले आहे ना. इथे कोणी टेकत पण नाय."

बाबांनी भोकात हात घातला, नारळ काढला, फळीची कड चाचपली.

"दशावतारातलो राजवाडो सुदा ह्याच्यापेक्षा घट असता," ते म्हणाले. "आपला घर खंय आसा?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी त्यांना मागच्या बाजूला नेलं. पाणी उपसून पाया तेवढा भरला होता, वर गंजलेल्या सळ्या.

"बारावो मजलो?"

मी आभाळात बोट दाखवलं. तिथे तेव्हा एक घार राहत होती.

बाबा चिडतील असं वाटलं होतं. ते घाबरले. "अरे, मी देवाक खोटा सांगलंय," ते म्हणाले आणि तिथेच, निळ्या मोज्यांतच, पुन्हा उभे राहिले. मागोमाग ते जोडपं आलं होतं, सेल्सची मुलगीही.

"हे बा देवा म्हाराजा, मगाशी सांगलंय ता धरू नको. घर झाला नाय. माका काय ता गावाचा नाय. पण ह्या झिलाक गावांदे, नि खरा बोलाची बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सेल्सची मुलगीसुद्धा, आणि तीच सगळ्यांत मनापासून. पायाच्या काँक्रीटवर नारळ एका घावात फुटला.

बाबा फाल्गुनात गेले, मुलुंडच्या भाड्याच्याच घरात. आदल्या दुपारी त्यांनी विचारलं, "घराचा खंयपर्यंत इला?"

"पाचवा स्लॅब पडला, बाबा."

"बरा," म्हणाले, आणि भिंतीकडे वळून झोपले.

तेव्हा दुसरा पडला होता. देवाने बुद्धी मंजूर केली असेलही. ताबा मला अजून मिळायचाय.